उजव्या कोपऱ्यातली चौकट

यंत्राच्या प्रत्येक ड्रॉइंगवर खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. आम्ही तिला टायटल ब्लॉक म्हणतो. ड्रॉइंग कुणी काढलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं, तारीख काय, सुधारणा कितवी, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. गुरुग्राममध्ये गाड्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढण्यात माझी एकतीस वर्षं गेली. या वर्षांनी डोळ्याला एक सवय लावली. कुठलीही घडवलेली वस्तू समोर आली की नजर आधी उजव्या कोपऱ्याकडे वळते. हे कुणाचं काम?

हाच प्रश्न सबंध जगाला विचारला की ईश्वराच्या अस्तित्वासाठी मांडला गेलेला एक फार जुना युक्तिवाद उभा राहतो. डोळ्याचं भिंग, पक्ष्याचं घरटं, ऋतूंचं फिरणं यांत इतकी नेमकी मांडणी दिसते, तेव्हा मागे मांडणारा असलाच पाहिजे. रचना आहे, म्हणून रचनाकार आहे. जगाच्या ड्रॉइंगवर चौकट मात्र नाही. ती कोरी आहे असंही म्हणता येत नाही, कारण ती सापडलेलीच नाही. तरीही कामाची धाटणी पाहून काम करणाऱ्याचं नाव सांगता येईल, हा या युक्तिवादाचा दावा आहे. या पुस्तकात आपण त्याला ‘रचनायुक्ती’ म्हटलं आहे.

पुस्तक कसं झालं ते थोडक्यात सांगतो. गुरुग्रामात राहणारी आम्ही काही मराठी माणसं महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमून वाचतो. कुणी बँकेत आहे, कुणी संगणकाच्या कंपनीत, दोघी शाळेत शिकवतात, आणि आमच्यातले एक सद्गृहस्थ आयुष्यभर संस्कृत शिकवून आता मुलाकडे राहायला आले आहेत. तीन वर्षं आम्ही हा एकच विषय धरून बसलो. मूळ उतारे वाचले, मराठीत उतरवले, त्यांवर टिपणं केली. प्रस्तावना मी लिहावी असं ठरलं, कारण रचना हा माझ्या पोटापाण्याचा धंदा होता.

सुरुवातीला सगळ्यांच्या मनात एकच चित्र होतं. इंग्लंडमध्ये विल्यम पेली यांनी 1802 साली माळरानावर सापडलेल्या घड्याळाचा दाखला दिला, 1859 साली डार्विन यांचा ग्रंथ आला आणि विषय मिटला. हे चित्र चुकीचं नाही, पण ते फार उशिरा सुरू होतं. त्याच्या हजार वर्षं आधी आपल्याकडे या प्रश्नावर इतकी कसून झुंज झाली होती की पेलींच्या घड्याळावर घेतलेले बरेचसे आक्षेप त्या काळीच मांडून झाले होते. त्यांना उत्तरं दिली गेली होती आणि त्या उत्तरांवरही आक्षेप आले होते. मराठी घरातल्या मुलांना पेली माहीत असावेत आणि उदयनाचार्य माहीत नसावेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्याकडे संस्कृत शिकणाऱ्याला ही युक्ती बहुधा ‘तर्कसंग्रहा’च्या निमित्ताने भेटते. अन्नंभट्टांनी 17 व्या शतकात लिहिलेली ही छोटी पोथी आणि तिच्यावरची त्यांचीच ‘दीपिका’ पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आली. मुंबईत 1897 साली यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांनी तिची जी आवृत्ती काढली, ती आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. ‘दीपिके’तला मुद्दा साध्या मराठीत असा: जमीन, अंकुर वगैरे गोष्टी कर्त्यापासून झालेल्या आहेत, कारण त्या कार्य आहेत, म्हणजे पूर्वी नव्हत्या आणि मग झाल्या, जसा घट. घट आहे म्हणजे कुंभार आहे. मग अंकुर आहे म्हणजे कोण आहे?

इथे एक फरक ध्यानात घ्यावा. पेलींचा भर घड्याळाच्या गुंतागुंतीवर आहे, चाकात चाक अडकण्यावर आहे. नैयायिकाला, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडिताला, गुंतागुंत लागत नाही. त्याचं मडकं अगदी साधं आहे. एखादी गोष्ट घडलेली असणं एवढंच त्याला पुरतं, कारण घडवण्यासाठी काय कशापासून करायचं याचं ज्ञान लागतं, करण्याची इच्छा लागते आणि प्रयत्न लागतो. मिथिलेचे उदयनाचार्य 10 व्या शतकाच्या अखेरीस होऊन गेले. त्यांच्या ‘लक्षणावली’वर शके 906, म्हणजे इ.स. 984 हा काळ नोंदलेला आहे. ‘न्यायकुसुमांजली’च्या पाचव्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, त्यांनी ‘कार्य आहे’ या एका हेतूच्या जोडीला आणखी हेतू उभे केले. परमाणू मुळात एकत्र कसे आले? एवढं जड जग खाली न पडता धरलं कुणी? शब्दांना अर्थ कुणी नेमून दिले, विणण्या-घडवण्याच्या कला पहिल्यांदा कुणी शिकवल्या? शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा वाटतो. ज्याने पहिला कुंभार शिकवला, तो कुठे शिकला?

पण उदयनांच्या आधी तीनशे वर्षं धर्मकीर्तींनी या मडक्याला तडा पाडून ठेवला होता. 7 व्या शतकातल्या या बौद्ध आचार्याने ‘प्रमाणवार्तिका’त वारुळाचा दाखला दिला. मडकंही मातीचाच आकार आणि वारूळही मातीचाच आकार. मातीला आकार आला म्हणजे कुंभार आला असं धरलं, तर वारूळसुद्धा कुंभाराने केलं म्हणावं लागेल. मडक्यावरून कुंभाराचं अनुमान चालतं, कारण तसली मडकी तसल्या हातांनी होताना आपण पाहिलेली असतात. ‘आकार’ हा एकच शब्द दोन्हींना लावला म्हणून दोन्हींचं कारण एक होत नाही. हा आक्षेप वाचला त्या रविवारी आमच्यात बराच वेळ कुणी बोललं नाही. अरवलीच्या पायथ्याशी बाभळीच्या बुंध्यालगत छातीएवढी वारुळं आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. आतले बोळ, हवेचे मार्ग, खोल्या सगळं काही जागच्या जागी असतं, आणि कुठल्याच वाळवीला त्याचा नकाशा ठाऊक नसतो.

नैयायिकाचं उत्तरही वाचण्यासारखं आहे. तो म्हणतो, अंकुराचा कर्ता दिसत नाही म्हणून तो नाही असं म्हणायला तुम्हाला आधार काय? जे वादात आहे तेच उदाहरण म्हणून माझ्यापुढे ठेवू नका. त्यावर प्रतिपक्ष विचारतो की पाहिलेल्या प्रत्येक कर्त्याला शरीर असतं, तुमच्या कर्त्याला आहे का? असेल तर ते शरीर कुणी केलं, आणि नसेल तर तो कर्ता घटाच्या दाखल्यात बसतो कसा? 11 व्या शतकात विक्रमशीलेच्या रत्नकीर्ती या बौद्ध आचार्यांनी याच वादावर स्वतंत्र प्रकरणग्रंथ लिहिला. या पुस्तकाचा दुसरा भाग त्याच देवाणघेवाणीचा आहे. तो सावकाश वाचावा लागतो, पण एकदा पकड आली की हातातून सुटत नाही.

मला सगळ्यांत मोठा धक्का मात्र रामानुजाचार्यांनी दिला. इतका ईश्वरभक्त माणूस, आणि ‘श्रीभाष्या’त ब्रह्मसूत्रांच्या अगदी सुरुवातीच्या भागात तो रचनायुक्तीवर तुटून पडतो. मोठे रथ, मोठे वाडे पुष्कळ कारागीर मिळून बांधतात, मग जगाचा कर्ता एकच कशावरून? आणि सारं जग एकदमच झालं कशावरून? डोंगर एका वेळी, समुद्र दुसऱ्या वेळी, निरनिराळ्या कर्त्यांनी केलेले का नसतील? रामानुजांना ईश्वर नाकारायचा नव्हता. ईश्वर श्रुतीतून कळतो, मडक्यावरून हिशेब मांडून कळत नाही, एवढं त्यांना ठामपणे सांगायचं होतं. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांचे धर्मविषयक संवाद त्यांच्या मृत्यूनंतर 1779 साली छापले गेले. त्यांत जहाज आणि घर बांधणाऱ्या अनेक हातांचा जवळपास हाच मुद्दा आहे, आणि तो संशयवाद्याच्या तोंडी आहे. एकच आक्षेप एकाने भक्तीपोटी घेतला, दुसऱ्याने संशयापोटी. युक्तिवाद पडला म्हणजे देव पडला, आणि देव मानायचा तर युक्तिवाद उचलून धरलाच पाहिजे, ही जी समजूत आपल्याकडे वादाच्या दोन्ही बाजूंना दिसते, ती यामुळे माझ्यापुरती कायमची संपली.

उदयनाचार्यांविषयी एक आख्यायिका सांगतात. ते जगन्नाथाच्या दर्शनाला गेले, दार बंद होतं. तेव्हा ते देवाला म्हणाले की आज ऐश्वर्याच्या मदात माझी उपेक्षा करतोस, पण बौद्ध समोर आले की तुझं अस्तित्व माझ्याच हाती असतं. ही गोष्ट ऐकल्यापासून मला माझ्या आजीची आठवण येते. ती खानदेशातली. मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जाई. विठ्ठलाचं अस्तित्व कुणाच्या हाती आहे, हा प्रश्न तिच्यापुढे ठेवला असता तर तिला तो समजलाच नसता. मीही त्याच वाटेने वाढलो. विठ्ठलाला मी हात जोडतो, आणि रचनायुक्तीने त्याची सिद्धी होते असं मला वाटत नाही. या दोन्ही गोष्टी माझ्यात भांडण न करता राहतात. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’त तर जग ही कुणी बाहेर बसून घडवलेली वस्तू नाहीच, तो चैतन्याचाच विलास आहे. तिथे कुंभार आणि मडकं अशी जोडीच उरत नाही.

आता धंद्यातला माणूस म्हणून थोडं बोलतो. रचनायुक्ती मांडणारे रचनेविषयी जे गृहीत धरतात, ते मला खटकतं. त्यांना वाटतं की रचनाकाराच्या डोक्यात पूर्ण कल्पना आधी असते आणि मग ती वस्तूत उतरते. माझ्या हातून असं एकदाही झालं नाही. साधी ब्रॅकेट घ्या. पहिल्या ड्रॉइंगची तुटते, दुसरीचं वजन जास्त भरतं, तिसरी साच्यातून सुटत नाही. सुधारणेच्या रकान्यात ए, बी, सी करत आपण एफपर्यंत जातो. मग जी टिकते ती उत्पादनात जाते आणि पाहणाऱ्याला वाटतं, काय नेमकी कल्पना सुचली! ह्यूमच्या संवादांत हे अचूक पकडलं आहे. सुंदर जहाज पाहून आपण सुताराची बुद्धी वाखाणतो, पण तो सुतार अडाणी असू शकतो. शतकानुशतकांच्या चुकांतून आणि दुरुस्त्यांतून जे तयार झालं, त्याची तो फक्त नक्कल करतो. कुंभाराचं मडकंही तसंच. त्या गळ्याची, त्या पोटाची गोलाई कुणा एका कुंभाराने ठरवलेली नाही. न फुटणारी मडकी राहिली, त्यांच्यासारखी पुढे केली गेली. म्हणजे ज्या दाखल्यावर सगळा युक्तिवाद उभा आहे, त्या दाखल्याच्या पोटातच निवड दडलेली आहे.

डार्विन यांनी केंब्रिजमध्ये शिकताना पेली आवडीने वाचले होते. पेलींनी दाखवलेली नेमकी मांडणी त्यांनी नाकारली नाही, तिच्याकडे नेणारा दुसरा रस्ता दाखवला. डोळ्यासारख्या अवयवाला किती काळ लागेल, याचा हिशेब नील्सन आणि पेल्गर या शास्त्रज्ञांनी 1994 साली मांडला. प्रकाश जाणवणाऱ्या सपाट पेशींपासून भिंगाच्या डोळ्यापर्यंत, हात राखून अंदाज केला तरी, त्यांच्या गणितात चार लाखांहून कमी पिढ्या पुरल्या.

पण निवड म्हणजे काय हे मला गणिताने पटलं नाही, सुगरणीने पटवलं. गुरुग्रामहून फरुखनगरच्या रस्त्याला सुलतानपूरचं पक्ष्यांचं तळं आहे. 2021 साली ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. पावसाळ्यात त्या बाजूच्या बाभळींवर खोपे लोंबायला लागतात. गवताच्या पात्याची कड चोचीत धरायची, उडताना तिची लांब पट्टी फाडायची, आणि तशा पट्ट्यांनी गाठी मारत, वळसे घेत विणत जायचं, शेकडो फेऱ्या करायच्या. बहिणाबाई चौधरींना हाच खोपा पाहून देवाने माणसाला दिलेले हात आणि बोटं आठवली. रचनायुक्तीचं मराठीतलं सगळ्यांत गोड रूप मला तिथे दिसतं, कारण त्यात पुरावा देण्याची घाई नाही, माणसाला कामाला लावणारी प्रेमळ टोचणी आहे.

याच पक्ष्याला कोकणात एका माणसाने वेगळ्या चिकाटीने पाहिलं. नोकरी नसल्याच्या काळात पक्षीतज्ज्ञ सालिम अली अलिबागजवळ किहीमला राहत होते. 1930 च्या पावसाळ्यात त्यांनी सुगरणींच्या वसाहतीसमोर बैठक मारली आणि पुढच्या वर्षी आपली निरीक्षणं छापली. नाव सुगरण असलं तरी खोपा नर विणतो. तो अर्धा, टोपीसारखा झाला की थांबतो आणि पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. माद्या येतात, आत शिरून पाहतात, आणि एखादी पसंत करते. पसंत पडलेला खोपा पुरा होतो, त्याला लांब नळी येते, मग नर दुसरा विणायला घेतो. नापसंत खोपे तसेच अर्धवट लटकत राहतात. तपासणं, मंजूर करणं, नामंजूर करणं, माझ्या टायटल ब्लॉकमधले सगळे रकाने त्या बाभळीवर होते. ड्रॉइंग तेवढं कुठे नव्हतं.

आमच्या शहरानेही या विषयात आपली भर घातली आहे. गुरुग्रामची जमीन अरवलीच्या बाजूने उतरत वायव्येला नजफगडच्या नाल्याकडे जाते. पावसाचं पाणी हजारो वर्षं त्या उतारावरून आपल्या वाटा पाडत गेलं. त्या वाटा कुणी आखल्या नव्हत्या, तरी पाणी वाहून न्यायला त्या पुरेशा होत्या. वर सेक्टर आले, रस्ते आले, काचेच्या इमारती आल्या. त्यांतल्या प्रत्येकीचं ड्रॉइंग होतं आणि प्रत्येक ड्रॉइंगवर सह्या होत्या. 2016 च्या जुलैअखेर एका पावसात सगळं शहर तुंबलं, माणसं रात्रभर गाड्यांत अडकून पडली. पाणी जुन्या वाटेनेच गेलं, वाटेत आम्ही होतो. जिथे चांगली मांडणी दिसेल तिथे मांडणारी बुद्धी असलीच पाहिजे, हे वाक्य त्या रात्रीनंतर मला सरसकट म्हणता येत नाही.

विश्वाच्या पातळीवर मात्र प्रश्न अजून जिवंत आहे. ताऱ्यांच्या पोटात कार्बन पुरेसा तयार व्हायचा तर त्याच्या अणुकेंद्रात एका ठरावीक ऊर्जेची स्थिती असली पाहिजे, असं खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी 1953 साली सांगितलं. प्रयोगशाळेत पाहिलं तर ती 7.65 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास खरंच सापडली. ती नसती तर आपण नसतो. नास्तिक म्हणून ओळखले जाणारे हॉइल या योगायोगाने हलले होते. त्यांचे शिष्य आपले जयंत नारळीकर. विश्वाला एक आरंभक्षण होता, या कल्पनेविषयीच नारळीकर शेवटपर्यंत साशंक राहिले. नैयायिकाच्या भाषेत सांगायचं तर विश्व हे ‘कार्य’ आहे का, इथेच त्यांचा प्रश्न होता. चौथ्या भागातली दोन टिपणं यावर आहेत. भौतिकशास्त्रात माझी गती बेताची, म्हणून इथे थांबतो.

ज्या भागासाठी हे पुस्तक मराठीतच व्हायला हवं होतं, तो पाचवा. ईश्वराला मराठीत पुष्कळ नावं आहेत, पण त्याला त्याच्या कामावरून हाक मारणारं एक नाव जोतीराव फुल्यांनी रूढ केलं: निर्मिक. तरुणपणी, 1847 च्या सुमारास, त्यांनी टॉमस पेन यांचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं होतं. पेन यांची पुढची भूमिका अशी होती की सृष्टी हाच ईश्वराचा खरा ग्रंथ, कारण त्यात कुणाला खाडाखोड करता येत नाही. जोतीरावांनी रचनायुक्ती सिद्ध करत बसण्यात वेळ घालवला नाही. निर्मिक आहे हे त्यांनी धरून घेतलं आणि तिथून पुढचा प्रश्न विचारला, जो उदयनांनी विचारला नव्हता आणि पेलींनीही नाही: त्याचं काम पाहून माणसामाणसांतल्या उच्चनीचतेला काही आधार सापडतो का?

‘गुलामगिरी’ 1873 सालची. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्या पुस्तकात जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादात ब्रह्मदेवाच्या मुखातून, बाहूंतून, मांड्यांतून आणि पायांतून चार वर्ण जन्मले या कथेची तपासणी होते. ती तपासणी मला माझ्या धंद्यातली वाटते. समोर ड्रॉइंग ठेवल्यासारखं ते विचारतात की हे असं चालेल कसं, मुखातून जन्म व्हायचा तर तिथे जन्माला लागणाऱ्या गोष्टी आहेत का? त्यांच्या मृत्यूनंतर 1891 साली निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त हाच विचार उभारणीच्या अंगाने येतो. निर्मिकाने स्त्री आणि पुरुष दोघांनाही जन्मतः स्वतंत्र केलं, सगळ्यांना सारखे हक्क दिले. सूर्य, पाऊस, जमीन यांत त्याने कुणासाठी वेगळा वाटा काढून ठेवलेला नाही. हात, पाय, डोळे घडवताना त्याने कुणाच्या अंगावर जातीचा शिक्का मारलेला नाही.

तर्कशास्त्री म्हणेल की निर्मिक आहे हे आधी सिद्ध करा. आमच्या बैठकीतही हा आक्षेप आला, आणि तो खोटा नाही. पण दुसरी बाजू पाहा. जातीची उतरंड देवानेच रचली, असं हजारो वर्षं सांगितलं जात होतं. ती स्वतःच एक रचनायुक्ती होती: समाजात ही मांडणी दिसते, म्हणजे ती मांडणाऱ्याला हवी होती. जोतीरावांनी त्या चौकटीत देवाच्या नावाने केलेली सही तपासली आणि ती माणसाची आहे हे दाखवलं. या युक्तीचा इतका मोठा उपयोग जगात दुसऱ्या कुणी केलेला मी वाचलेला नाही. पुढे आगरकरांनी 1888 साली सुरू केलेल्या ‘सुधारका’तून देवाची कल्पनाच माणसाच्या मनात कशी उपजली याचा शोध घेतला. म्हणजे ते जोतीरावांच्याही पलीकडे गेले. दोघांचे उतारे शेजारी शेजारी ठेवले आहेत, ते तसेच वाचावेत.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दिल्लीत तयार होणाऱ्या एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून 2023 साली उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, आणि देशभरातल्या शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी जाहीर पत्र लिहून त्याला हरकत घेतली. आमच्यातल्या दोन्ही शिक्षिका तेव्हापासून उत्क्रांतीवरच्या तिसऱ्या भागावर सगळ्यांत जास्त राबल्या. उत्क्रांती न शिकलेल्या मुलाला रचनायुक्तीही समजणार नाही. आक्षेप काय आहे हेच ठाऊक नसेल, तर उदयनांचं धैर्यही त्याला दिसणार नाही.

वाचण्याच्या क्रमाविषयी एवढंच. संस्कृत तर्काची सवय नसलेल्यांनी सुगरणीचा तिसरा भाग आधी वाचावा, मग पाचवा, आणि मग मागे फिरून धर्मकीर्तींच्या वारुळापाशी यावं. पारिभाषिक शब्द शक्य तितके घरगुती ठेवले आहेत. ‘उपाधी’, ‘व्याप्ती’ असे जे ठेवावेच लागले, त्यांचा अर्थ पहिल्यांदा येतील तिथेच दिला आहे. मुखपृष्ठावरचं चित्र सुलतानपूरच्या वाटेवरच्या एका अर्धवट, नापसंत खोप्याचं आहे. चित्र काढणाऱ्या मुलीने तो पुरा करून दाखवू का असं विचारलं होतं. आहे तसाच राहू दे, असं आम्ही सगळ्यांनी तिला सांगितलं.

गुरुग्राम, श्रावण